प्रेसबिटेरियन मंडळी, तिचं मिशन आणि वरच्या सभा: नातं नेमकं कसं चालतं?

कृष्णाकाठची

अमेरिकेत राहायला गेलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं घराजवळची मंडळी, म्हणजे चर्च, शोधू लागली की ‘प्रेसबिटेरियन’ या प्रॉटेस्टंट परंपरेची पाटी हमखास दिसते. कोल्हापूर-मिरजेकडच्या लोकांच्या कानावर ते नाव दोन-तीन पिढ्या आहे, त्यामुळे विश्वासाने आत जातात. खरा गोंधळ पुढे होतो. सभासदत्व घेताना, दानाचं वचनपत्र भरताना किंवा गावाकडच्या एखाद्या कामासाठी मंडळीकडे मदत मागताना कळत नाही की पाळकांच्या वर कोण आहे, मिशनचा पैसा कोण ठरवतं आणि इमारत कोणाची. या धाग्यात हे सगळं एकत्र करू.

सुरुवात नावापासून. त्या एका शब्दाखाली अमेरिकेत अनेक वेगळे पंथ आहेत. सर्वांत मोठा पीसीयूएसए, म्हणजे प्रेसबिटेरियन चर्च यूएसए. यादवी युद्धाच्या वर्षी, १८६१ मध्ये, उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले होते, ते १० जून १९८३ रोजी अटलांटात पुन्हा जोडले गेले. पीसीए (१९७३), ओपीसी (१९३६), ईपीसी (१९८१), एको (२०१२) आणि कंबरलँड (१८१०) हे वेगळे. सगळ्यांची मुळं वेस्टमिन्स्टरच्या विश्वासअंगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जुन्या लेखी निवेदनात, आहेत, पण कारभार आणि नियम वेगळे. उदाहरणार्थ, पीसीयूएसएच्या उत्तरेकडच्या पूर्वज-पंथाने स्त्रियांना १९३० पासून वडील (मंडळीच्या कारभारासाठी निवडलेले सभासद) आणि १९५६ पासून पाळक म्हणून दीक्षा दिली. पीसीएमध्ये दोन्ही पदं फक्त पुरुषांना. तेव्हा पाटीवरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा पत्रिकेच्या तळाशी छापलेली अद्याक्षरं आधी वाचा.

खाली मुख्यतः पीसीयूएसएबद्दल बोलू. जाणकारांनी भर घालावी.

इतिवृत्त

चांगला विषय. रचनेपासून सुरू करतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

प्रेसबिटेरोस हा ग्रीक शब्द, अर्थ ‘वडील’. घरातले वडील नव्हेत, तर मंडळीने निवडून दीक्षा दिलेले वडील. या पद्धतीत बिशप नाही. एकट्या माणसाच्या हाती सत्ता न देता ती सभांच्या हाती द्यायची, हा मूळ विचार. सभा चार:

सेशन: स्थानिक मंडळीचे निवडून दिलेले वडील आणि पाळक. अध्यक्ष पाळक. वर्षातून निदान दर तिमाहीला बैठक हवीच, बहुतेक ठिकाणी दरमहा होते.

प्रेसबिटरी: एका प्रदेशातल्या मंडळ्या आणि पाळक यांची सभा. किमान दहा सेशन आणि दहा पाळक हवेत, वर्षातून किमान दोन बैठका. अमेरिकेतली पहिली प्रेसबिटरी १७०६ मध्ये फिलाडेल्फियात भरली.

सिनड: किमान तीन प्रेसबिटऱ्यांची. रोजच्या कामात तिचा संबंध कमी येतो.

जनरल असेंब्ली: पहिली १७८९ ची. २००४ नंतर दर दोन वर्षांनी भरते. कचेरी केंटकी राज्यातल्या लुइव्हिलला.

आता एक गोष्ट जिथे जवळजवळ प्रत्येक नवा सभासद चुकतो. पाळक हे त्या मंडळीचे सभासद नसतात. ते प्रेसबिटरीचे सभासद असतात. त्यामुळे मंडळी पाळकांना परस्पर नेमू शकत नाही की काढू शकत नाही. मंडळी, पाळक आणि प्रेसबिटरी अशा तिघांचा तो करार असतो. पंथाशी असलेलं नातं सगळ्यात घट्ट इथे बांधलेलं आहे.

वडिलांचा एक कार्यकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा. सलग सहा वर्षं झाली की थांबावं लागतं. दीक्षा मात्र आयुष्यभराची राहते.

दुसरा_बाक

इतिवृत्त, दोन शंका. मेथडिस्टांसारखी पाळकांची बदली होते का? आणि मंडळीच्या वार्षिक सभेत मिशनचं अंदाजपत्रक मंजूर होतं असं बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे, ते खरं का?

इतिवृत्त

बदली होत नाही. वरून कोणी पाळक पाठवत नाही, मंडळी बोलावते. क्रम साधारण असा. पाळक गेले की प्रेसबिटरी सेशनसाठी तात्पुरता अध्यक्ष नेमते, बहुधा अंतरिम पाळकही येतात. मग मंडळी स्वतःचा ‘मिशन अभ्यास’ करते. त्यानंतर सभासदांच्या सभेत पाळक-शोध समिती निवडतात, पंथाच्या जुळवणी-यंत्रणेत मंडळीची माहिती भरतात, मुलाखती होतात. प्रेसबिटरीची सेवाविषयक समिती उमेदवाराची पडताळणी करते. शेवटी सभासदांची सभा मतदान करते आणि प्रेसबिटरी मान्यता देते. समितीने पसंत केलेल्या माणसाला प्रेसबिटरीच्या होकाराआधी शब्द देऊन बसणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक अंतरिम पाळकांनाच कायम करण्याचा आग्रह. त्याला प्रेसबिटरीच्या तीन चतुर्थांश मतांची गरज असते, तो सरळ रस्ता नव्हे.

मिशन अभ्यास उरकून टाकू नका. त्यात दहा वर्षांची उपस्थिती, सभासदांची वयं, दानाचा कल, आणि मंडळीच्या परिसरात आज खरोखर कोण राहतं याची जनगणनेतली आकडेवारी हवी. अनेक मंडळ्या तीस वर्षांपूर्वीच्या वस्तीचं चित्र डोक्यात ठेवून लिहितात. मग तसाच पाळक शोधतात, आणि दोन वर्षांत दोन्हीकडे निराशा होते.

अंदाजपत्रकाबद्दल: ते सेशन मंजूर करतं, सभासदांची सभा नाही. सभेसमोर ते माहितीसाठी ठेवतात. सभासदांच्या सभेचे विषय मोजके आहेत: वडील, डीकन (सेवाकार्य बघणारे), विश्वस्त निवडणं; पाळकांना बोलावणं, त्यांच्या वेतनाच्या अटी ठरवणं किंवा नातं संपवण्याची विनंती करणं; स्थावर मालमत्तेची खरेदी, विक्री, गहाण. मिशनला किती टक्के द्यायचे यावर तिथे हात वर करून ठराव केला तरी तो फक्त सूचना ठरतो. आपला मुद्दा मांडायचा तर सेशनच्या कार्यसूचीत विषय घालून घ्या. सेशनच्या चिटणिसांकडे लेखी दिलं की पुरतं.

हिशेबनीस

पैशाचा भाग मी लिहिते. पाच वेगळ्या वाटा आहेत. त्या एकाच ‘मिशन’ रकान्यात कोंबल्या की वर्षअखेरीस काहीच जुळत नाही.

पहिली वाट पर कॅपिटा, म्हणजे माणशी वर्गणी. हे मिशन नव्हे. सभा चालवण्याचा वाटणीचा खर्च आहे, सक्रिय सभासदांच्या संख्येवर. असेंब्ली, सिनड आणि प्रेसबिटरी यांचे तीन दर मिळून एक आकडा होतो. समजा तो ४० डॉलर आणि सक्रिय सभासद १५०, तर ६,००० डॉलर. संख्या बहुधा दोन वर्षं मागच्या अहवालातली धरतात. म्हणून सभासदयादी साफ न ठेवणाऱ्या मंडळीला, समजा, ४० न येणाऱ्या माणसांचे १,६०० डॉलर भरावे लागतात, आणि आज यादी दुरुस्त केली तरी फरक लगेच दिसत नाही.

यादी साफ करणं म्हणजे नावं खोडणं नव्हे. दोन वर्षं सहभाग नसेल तर नाव काढता येतं, पण त्याआधी त्या व्यक्तीला परत आणण्याचा प्रयत्न आणि लेखी सूचना, दोन्ही बंधनकारक. हा नियम मला फार योग्य वाटतो. डिसेंबरच्या शेवटच्या बैठकीत वीस नावं एका ठरावात उडवली जातात तेव्हा त्यातलं एखादं नाव रुग्णालयात पडून असलेल्या माणसाचं असू शकतं.

पर कॅपिटा न भरल्यास सेशनवर सक्ती करता येत नाही. पण प्रेसबिटरीवर पुढे रक्कम पोहोचवण्याची जबाबदारी राहते, त्यामुळे तो भार शेजारच्या मंडळ्यांवर पडतो. निषेध म्हणून पर कॅपिटा रोखणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरी, अनिर्देशित मिशनदान. पंथाच्या एकत्रित मिशनकार्याला जातं, कुठे वापरायचं ते पंथ ठरवतो. तिसरी, निर्देशित दान, म्हणजे ठराविक विभागासाठी. चौथी, एका नेमक्या प्रकल्पाच्या खात्यावर दिलेलं जादा दान. इथे खातेक्रमांक लिहायला विसरलात तर रक्कम सामान्य निधीत जाऊ शकते.

पाचवी, खास अर्पणं, वर्षातून चार. ईस्टरच्या आसपासचं ‘वन ग्रेट अवर ऑफ शेअरिंग’ पूर्ण पुढे पाठवायचं. ते आपत्ती-साहाय्य, भूक-निवारण आणि लोकांच्या स्वयंविकासाचं काम या तिघांत विभागलं जातं. पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतरच्या पवित्र आत्म्याच्या सणाच्या) अर्पणातले ४० टक्के मंडळी स्वतःजवळ ठेवून स्थानिक मुलं-तरुणांसाठी वापरू शकते. शांती आणि जागतिक साक्षीच्या अर्पणातले २५ टक्के मंडळीकडे, २५ टक्के मधल्या सभांकडे, उरलेले ५० टक्के वर. चौथं ख्रिसमसचं. मंडळीत राहणारे हे टक्के सामान्य खर्चात मिसळू नयेत. त्यांची वेगळी नोंद आणि ते कुठे गेले याचा सेशनचा ठराव हवा.

अभंग_आणि_स्तोत्र

हिशेबनीस, फार उपयुक्त. एक भर: मंडळीने एखाद्या मिशन सहकाऱ्याला, म्हणजे पंथाने परदेशी पाठवलेल्या कार्यकर्त्याला, आधार देण्याचं वचन दिलं असेल तर ते पुन्हा तपासा. पंथाने २०२५ मध्ये मध्यवर्ती जागतिक मिशनचा विभाग बंद केला आणि मिशन सहकारी पाठवण्याची जुनी रचना संपवली. जुन्या खातेक्रमांकावर नेमाने धनादेश पाठवत राहण्याऐवजी प्रेसबिटरीला विचारून त्या भागीदार मंडळीशी नातं कसं टिकवायचं ते ठरवावं. माणूस परत आला म्हणून तिथली शाळा किंवा दवाखाना थांबलेला नसतो.

आणि मिशन म्हणजे फक्त दूरदेशीचं काम नाही हेही सांगायला हवं. पंथाच्या घटनेत मंडळीची सहा महान उद्दिष्टं दिली आहेत: सुवार्तेची घोषणा, देवाच्या लेकरांना आसरा, पोषण आणि आत्मिक सहवास, उपासना टिकवणं, सत्याचं जतन, सामाजिक नीतिमत्तेचा प्रसार, आणि स्वर्गाचं राज्य जगापुढे दाखवणं. मिशन समितीने वर्षाच्या सुरुवातीला आपली प्रत्येक रक्कम यातल्या कोणत्या उद्दिष्टाखाली बसते ते लिहून काढावं. बहुतेकदा पहिल्या दोनांत गर्दी आणि पाचव्याखाली कोरी जागा दिसते. तिथून चर्चा सुरू होते. २०१९ पासूनचं ‘मत्तय २५’ (बायबलमधल्या अध्यायावरून नाव) हे पंथाचं आवाहन त्याच जागेसाठी आहे: मंडळीची जिवंतता, वंशभेदाची रचना मोडणं आणि दारिद्र्याची मुळं उपटणं. मंडळी यातलं एक किंवा अधिक स्वीकारते. प्रेसबिटरीही स्वीकारू शकते.

दुसरा_बाक

मग मूळ प्रश्नातला भाग राहतो. अमेरिकेतल्या मंडळीला कोल्हापूर-सांगली भागातल्या एखाद्या ख्रिस्ती शाळेला, वसतिगृहाला पैसे द्यायचे असतील तर? तिथल्या पाळकांच्या खात्यावर पाठवले तर चालतात का?

हिशेबनीस

नाही. दोन्ही देशांच्या कायद्यांत अडकाल.

भारताच्या बाजूने विदेशी अंशदान नियमन कायदा, एफसीआरए, लागू. धार्मिक, शैक्षणिक किंवा सामाजिक कामासाठी परदेशातून येणारी रक्कम फक्त नोंदणी असलेल्या किंवा त्या रकमेपुरती पूर्वपरवानगी घेतलेल्या संस्थेला घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच आधी उतरावी लागते. ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्या संस्थेची नोंदणी असली तरी. ‘आमची नोंदणी नाही, पण ओळखीच्या ट्रस्टमार्फत घेऊ’ हा मार्ग त्यामुळे बंद आहे. प्रशासकीय खर्च जास्तीत जास्त २० टक्के. वार्षिक विवरण, फॉर्म एफसी-४, आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत. नोंदणी पाच वर्षांची.

पाठवण्याआधी संस्थेकडून चार कागद मागवा: नोंदणीचं प्रमाणपत्र आणि त्यावरची मुदत, दिल्ली खात्याचा तपशील, शेवटचं एफसी-४, आणि विश्वस्तांच्या ठरावाची प्रत. मुदत बघायला विसरू नका. रक्कम निघताना नोंदणी चालू असते आणि पोहोचेपर्यंत संपलेली असते, असंही होतं.

अमेरिकेच्या बाजूने, मंडळीने फक्त नळासारखं काम करायचं नाही. दान मंडळीला दिलेलं असतं, आणि ते कुठे जाईल यावर सेशनचं नियंत्रण असायला हवं. ‘हे पैसे अमुक कुटुंबाला’ अशी चिठ्ठी जोडलेली देणगी करसवलतीत बसत नाही. सेशनचा ठराव, प्रकल्पाचं वर्णन, खर्चाचा परत आलेला हिशेब, हे तिन्ही फाइलला लावा. २५० डॉलर किंवा त्याहून जास्त दान देणाऱ्याला लेखी पोच द्या. पोचेशिवाय त्याला वजावट मिळत नाही.

इतिवृत्त

मिशन-भेटीसाठी माणसं जाणार असतील तर व्हिसाही आधी बघा. पर्यटक व्हिसावर प्रचाराचं काम करता येत नाही. भारताचा मिशनरी व्हिसा वेगळा आहे. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) असलेल्यांना वाटतं आपल्याला सगळं मोकळं आहे, पण मिशनरी कामासाठी त्यांनाही विशेष परवानगी घ्यावी लागते. शाळा बघणं, नातेवाइकांना भेटणं आणि व्यासपीठावरून उपदेश देणं यांतला फरक गटातल्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी स्पष्ट सांगा. कारवाई झालीच तर पाहुण्यांपेक्षा यजमान मंडळीला ती जास्त जाचते.

अभंग_आणि_स्तोत्र

कोणाशी भागीदारी, हे समजायला थोडा इतिहास लागतो. ‘आमच्याकडची प्रेसबिटेरियन मंडळी’ म्हणून पत्र लिहिलं जातं आणि अमेरिकेतल्या समितीला वाटतं की अशा नावाचा पंथ महाराष्ट्रात आजही पूर्वीसारखा चालू आहे.

रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले ते अमेरिकन बोर्ड या मिशन-संस्थेकडून. ते काम प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेलं १८७० मध्ये. पुढे रत्नागिरी, सांगली, मिरज, कोडोली, वेंगुर्ले अशी केंद्रं झाली. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि मिरजेचं रुग्णालय १८९४ मध्ये उघडलं. कोल्हापुरातच जन्मलेला वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीच्या उभारणीत पुढे होता, म्हणजे प्रवाह दोन्ही दिशांना वाहिला. अहमदनगरचं, आताच्या अहिल्यानगरचं, अमेरिकन मराठी मिशन मात्र काँग्रिगेशनल वळणाचं, म्हणजे प्रत्येक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः बघते अशा परंपरेचं. ते प्रेसबिटेरियन नव्हे. ही गल्लत फार होते.

१९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ते आणखी पाच पंथांसह उत्तर भारत मंडळीत, सीएनआयमध्ये, विलीन झालं. त्यामुळे पीसीयूएसएची इथली अधिकृत भागीदार सीएनआय, आणि सीएनआयमध्ये बिशप आहेत. ईशान्येतली प्रेसबिटेरियन चर्च ऑफ इंडिया वेल्श मिशनच्या मुळांची, शिलाँगला केंद्र असलेली, वेगळी संस्था. मिझोरममध्ये प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून मिशनला देण्याची पद्धत १९१० पासून आहे. मिशन म्हणजे श्रीमंत देशाने द्यायची गोष्ट असा समज असणाऱ्या समितीला हे जरूर सांगावं.

पश्चिम महाराष्ट्रात काही जुन्या मिशन-मालमत्तांचे आणि संस्थांच्या मालकीचे वाद आहेत. म्हणून पत्र एका व्यक्तीशी नको, तर प्रेसबिटरीमार्फत आणि संबंधित धर्मप्रांताच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या) कचेरीला प्रत देऊन करावं. जिथे दोन गट एकाच शाळेच्या वतीने लिहीत असतील तिथे पैसे थांबवा आणि आधी नोंदणीवर कोणाची नावं आहेत ते बघा.

दुसरा_बाक

राहिली इमारत. सभासदांनी पै-पै जमवून बांधलेली वास्तू पंथाची कशी?

इतिवृत्त

दस्त स्थानिक मंडळीच्या नावावर असतो, पण पीसीयूएसएच्या घटनेनुसार ती मालमत्ता पंथाच्या उपयोगासाठी विश्वस्त म्हणून धरलेली मानली जाते. १९७९ च्या ‘जोन्स विरुद्ध वुल्फ’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यांची न्यायालयं धर्मसिद्धांतात न शिरता दस्तऐवज आणि घटनांवरून निवाडा करू शकतात. पंथांनी आपल्या घटनेत तसं स्पष्ट लिहावं, हा त्यातून निघालेला धडा. १९८३ च्या एकीकरणात हे कलम आलं, पण ज्या मंडळ्यांवर आधी असं बंधन नव्हतं त्यांना आठ वर्षांत सूट घेण्याची मुभा होती. म्हणून जुन्या दक्षिणेकडच्या मंडळीत आधी १९८३ ते १९९१ ची इतिवृत्तं चाळा. पीसीए, ईपीसी आणि एकोमध्ये मालमत्ता स्थानिक मंडळीचीच असते.

व्यवहारात जास्त वेळा अडतं ते भाडेकराराशी. विक्री आणि गहाण तर सोडाच, पण उपासनेची जागा भाड्याने देणं किंवा दुसरी कोणतीही स्थावर मालमत्ता पाच वर्षांहून जास्त मुदतीने देणं, दोन्हीसाठी प्रेसबिटरीची लेखी परवानगी लागते. मनोऱ्यावर मोबाइल अँटेना बसवण्याचा करार पाच वर्षांचा दिसतो, आणि आतल्या कलमात ‘आपोआप नूतनीकरण, चार वेळा’ असं असतं. असा करार सही करण्यापूर्वी प्रेसबिटरीला दाखवा. दुसऱ्या मंडळीला रविवारी दुपारी उपासनागृह वापरायला देतानाही तेच.

पंथ सोडायचा तर सभासदांच्या मतदानाने नातं तुटत नाही. मंडळीला दुसऱ्या पंथाकडे सोडण्याचा अधिकार प्रेसबिटरीचा, तोही सभासदांशी सल्लामसलत करून, आणि सोडायचं ते रिफॉर्म्ड परंपरेतल्याच दुसऱ्या पंथाकडे. २०१२ मध्ये पंथाच्या सर्वोच्च न्यायिक आयोगाने ठरवलं की असं सोडताना प्रेसबिटरीने मालमत्तेच्या मूल्याचाही विचार केलाच पाहिजे. विसर्जित झालेल्या मंडळीची मालमत्ता प्रेसबिटरीकडे जाते.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटची शंका: सीएनआयमध्ये दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) झालेल्या माणसाने पीसीयूएसए मंडळीत सामील होताना पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा का?

इतिवृत्त

नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा मान्य आहे, पुन्हा करत नाहीत. मूळ मंडळीकडून बदलीचं पत्र मागवा. त्यात बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या तारखा, आणि मुलांचे बाप्तिस्मे झाले असतील तर त्यांची नावं स्वतंत्रपणे लिहून घ्या, कारण मुलं बाप्तिस्मा झालेल्या सभासदांच्या वेगळ्या यादीत जातात आणि तीच नावं बऱ्याचदा सुटतात. पत्र येत नसेल तर विश्वासाची पुन्हा कबुली देऊन सेशन सामावून घेतं. काही महिन्यांसाठीच राहणार असाल आणि गावाकडचं सभासदत्व सोडायचं नसेल तर संलग्न सभासद व्हा. ही संलग्नता दर दोन वर्षांनी नवी करावी लागते, आणि संलग्न सभासदाला मंडळीच्या सभेत मत नसतं.